चार ओहम, आठ ओहम आणि माझे वाया गेलेले एकतीस श्रोते

परवा रात्री अकराच्या सुमारास एका ज्युनियरचा मेसेज आला. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, पुढे पीएच.डी. करायचं डोक्यात आहे. "ताई, जुन्या बाजारात स्पीकरची जोडी मिळाली. मागे ४ ओहम लिहिलंय. बुधवार पेठेत एक अँप बघून आले, त्याच्यावर १०० वॅट, ८ ओहम लिहिलंय. चालेल का? दुकानदार म्हणतो बिनधास्त चालेल. मित्र म्हणतो जळेल."

उत्तर टाइप करायला घेतलं आणि थांबले. दुकानदार आणि मित्र यांची उत्तरं उलटी आहेत, पण चूक एकच आहे. दोघंही स्टिकरवरचा एक आकडा वाचून निकाल देतायत. तो आकडा कशाचा, कुठे आणि कसा मोजला, हे दोघांनीही विचारलं नाही. त्यांना हसण्याचा मला अधिकार नाही, कारण हीच चूक मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी केली आहे आणि त्यात एकतीस माणसांचा डेटा फेकून द्यावा लागला आहे. तो किस्सा पुढे सांगते.

तर आजची पोस्ट अँप्लिफायर आणि स्पीकर यांची जोडी कशी जमवायची यावर. तुमच्यापैकी बहुतेकांचा विषय ध्वनिशास्त्र नाही, माहीत आहे. तरी वाचा. कोणताही आकडा हाती आला की त्याला काय विचारायचं, याचा सराव यात चांगला होतो. गणित दहावीच्या ओहमच्या नियमाइतकंच आहे, वर थोडं लॉगरिदम.

१. वॅट: कोणते वॅट?

घरी जुनी म्युझिक सिस्टिम असेल तर तिच्या खोक्यावरचं 'पीएमपीओ' आठवत असेल. समोर मोठ्या अक्षरात १००० वॅट, आणि मागच्या पट्टीवर बारीक अक्षरात 'वीज वापर ४० वॅट'. भिंतीतून ४० वॅट घेणारी वस्तू स्पीकरला १००० वॅट सतत देऊ शकत नाही, हे सांगायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. पीएमपीओ हा आकडा खोटा म्हणण्यापेक्षा बेवारस म्हणावा लागेल. तो कसा मोजायचा याची सगळ्यांना मान्य अशी पद्धतच नाही. क्षणभराची कमाल कल्पना करा, सगळे चॅनेल एकत्र मिळवा, आणि छापा.

अमेरिकेत साठ-सत्तरच्या दशकात असाच गोंधळ होता. म्हणून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला: घरगुती अँप्लिफायरची पॉवर जाहीर करायची तर ती किती ओहमच्या लोडवर, कोणत्या फ्रिक्वेन्सीपासून कोणत्या फ्रिक्वेन्सीपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला मोजली, हेही सांगायचं. २०२४ मध्ये हा नियम आणखी घट्ट झाला. नियमाने कोणाचाही अँप सुधारला नाही. आकड्याशेजारी त्याच्या अटी लिहायला लावल्या, आणि तेवढ्यानेच दोन अँपची तुलना शक्य झाली.

म्हणून पहिला प्रश्न: "१०० वॅट" म्हणजे दोन्ही चॅनेल मिळून की प्रत्येकी? ८ ओहमला की ४ ओहमला? सतत की क्षणभर? ज्युनियरने माहितीपत्रक शोधलं तेव्हा कळलं, ५० अधिक ५०. म्हणजे तुलना करायचा आकडा आत्ताच निम्मा झाला.

२. मला किती वॅट लागतील?

हा प्रश्न अँपला विचारून उपयोग नाही, स्पीकरला विचारायचा. स्पीकरच्या माहितीत 'सेन्सिटिव्हिटी' नावाची ओळ असते, उदाहरणार्थ ८८ डेसिबल (२.८३ व्होल्ट, १ मीटर). अर्थ असा की स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर ८८ डेसिबल आवाज येतो. २.८३ हा विचित्र आकडा का? त्याचा वर्ग ८, आणि ८ भागिले ८ ओहम म्हणजे बरोबर १ वॅट.

दोन गोष्टी पाठ करून ठेवा. पॉवर दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. पॉवर दहापट केली की १० डेसिबलने, आणि तेव्हा कुठे कानाला साधारण 'दुप्पट मोठा' वाटतो. म्हणजे ५० वॅटच्या जागी १०० वॅटचा अँप घेतला तर मिळतात ३ डेसिबल. "डबल आवाज" नाही.

आता हिशोब करू. तुम्ही स्पीकरपासून अडीच मीटरवर बसता. शांतपणे पण मजेत गाणं ऐकताना सरासरी ७५ डेसिबल धरा. तबल्याची थाप किंवा ऑर्केस्ट्रा उसळतो तेव्हा त्याच्या वर २० डेसिबल लागू शकतात, म्हणजे ९५. अंतरामुळे सुमारे ८ डेसिबल जातात, दुसरा स्पीकर साधारण ३ परत देतो. खोलीच्या भिंतींची मदत धरली नाही, तर एका स्पीकरकडून एक मीटरवर १०० डेसिबल हवेत. आता तीन स्पीकर बघा.

८८ डेसिबलचा नेहमीचा बुकशेल्फ स्पीकर: १२ डेसिबल कमी पडतात, म्हणजे सुमारे १६ वॅट.

बीबीसीने सत्तरच्या दशकात आपल्या बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी तयार केलेला छोटा मॉनिटर, एलएस३/५ए. सेन्सिटिव्हिटी ८२.५ च्या आसपास. कमी पडतात १७.५ डेसिबल, म्हणजे ८ ओहमच्या हिशोबाने ५६ वॅट.

पॉल क्लिप्श यांचा १९४० च्या दशकातला हॉर्न स्पीकर, क्लिप्शहॉर्न. कंपनीच्या आकड्यानुसार १०५ डेसिबल, तोही खोलीच्या कोपऱ्यात ठेवून. इथे ५ डेसिबल उलट जास्तच आहेत. ०.३२ वॅट. हो, एक तृतीयांश वॅटसुद्धा नाही.

तीच खोली, तेच गाणं, तोच आवाज, आणि गरजेत पावणेदोनशे पट फरक. "चांगला अँप किती वॅटचा असावा" या प्रश्नाला स्पीकर सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

इथे आणखी एक बारकी गोष्ट. सुरुवातीच्या एलएस३/५एचा इम्पिडन्स १५ ओहम होता. लागणारं व्होल्टेज २१.२. त्याचा वर्ग भागिले ८ केला की ५६ वॅट, पण भागिले १५ केला की ३० वॅट. म्हणजे अँपवर '८ ओहमला ५६ वॅट' लिहिलेलं हवं, पण स्पीकरमध्ये जाणार ३०. आणि एवढे ३० सुद्धा त्या छोट्या डब्याच्या झेपण्याच्या कडेवरच आहेत. तो मोठ्या हॉलसाठी बनवलेलाच नव्हता.

उलट बाजूने बघा. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर तो २ वॅट खातो. तरी कागदावर लिहिलं जातं '९० डेसिबल', आणि तो शेजारच्या ८ ओहम, ८७ डेसिबलवाल्यापेक्षा 'कार्यक्षम' वाटतो. प्रत्यक्षात वॅटमागे दोघं सारखेच. एक वॅट आणि २.८३ व्होल्ट या दोन अटी वेगळ्या आहेत. त्या न बघता तुलना केली तर ३ डेसिबल फुकटात मिळाल्यासारखे दिसतात.

३. ओहम हा आकडा नाही, वक्र आहे

स्पीकरच्या मागे '४ ओहम' किंवा '८ ओहम' लिहिलेलं असतं ते नाममात्र. टॉर्चच्या बल्बसारखा स्पीकर हा साधा रोध नाही. आत गुंडाळी आहे, हलणारा पडदा आहे, हवेची स्प्रिंग आहे, आणि वूफर-ट्वीटरमध्ये आवाज वाटून देणारा क्रॉसओव्हर आहे. त्यामुळे इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार वरखाली होतो. '८ ओहम'च्या स्पीकरचा एखाद्या ठिकाणी ५ आणि दुसऱ्या ठिकाणी ३० असणं अगदी नेहमीचं.

अँपच्या दृष्टीने याचा अर्थ काय? समजा अँप २० व्होल्ट देतोय. ८ ओहमला करंट २.५ अँपिअर, पॉवर ५० वॅट. ४ ओहमला ५ अँपिअर, १०० वॅट. २ ओहमला १० अँपिअर, २०० वॅट. १ ओहमला २० अँपिअर, ४०० वॅट. आदर्श अँप हे देईल. खऱ्या अँपचा ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक यांना मर्यादा असते. म्हणून एखादा ८ ओहमला ५० आणि ४ ओहमला ९५ वॅट देतो, तर दुसरा ८ ओहमला तेच ५० देऊन ४ ओहमला ६० वर दमतो. दोघांच्या खोक्यावर पुढे ५०च. या दोन आकड्यांचं गुणोत्तर बघा, अँपची ताकद तिथे कळते.

ऐंशीच्या दशकात अपोजी सिंटिला नावाचा रिबन स्पीकर आला. त्याची एक जोडणी १ ओहमची होती. भलेभले महागडे अँप त्याच्यापुढे बंद पडायचे. हे टोकाचं उदाहरण, पण घरी आपणही नकळत असं करतो. एकाच चॅनेलला ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की झाले २ ओहम. हॉलमध्ये एक जोडी, किचनमध्ये एक जोडी, आणि मग "अँप गरम का होतोय?"

१९८७ मध्ये मत्ती ओताला आणि पेर्टी हुट्टुनेन यांचा एक पेपर ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आला. त्यांनी दाखवलं की विशिष्ट सिग्नल दिला तर बाजारातला स्पीकर साध्या ८ ओहमच्या रोधापेक्षा ६.६ पट जास्त करंट मागू शकतो. हा आकडा जाहिरातींना फार आवडला. पण 'विशिष्ट सिग्नल' हे शब्द महत्त्वाचे. तो त्या स्पीकरला जास्तीत जास्त त्रास होईल असा ठरवून रचलेला होता. संगीतात तसा सिग्नल सहसा येत नाही. पेपर बरोबरच होता, त्याचा प्रश्नच 'वाईटात वाईट काय' हा होता. वाचणाऱ्यांनी तो 'रोज काय होतं' असा वाचला. पेपर वाचताना हा फरक तुम्हालाही सांभाळावा लागणार आहे.

४. उलटी बाजू: अँपचा स्वतःचा रोध, आणि माझे एकतीस श्रोते

अँपलाही स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स असतो. बहुतेक ट्रान्झिस्टर अँपमध्ये तो ०.१ ओहमच्या आत. व्हॉल्व्ह अँपमध्ये, खास करून फीडबॅक कमी असलेल्यांत, तो २-३ ओहम सहज असतो. आता दहावीचं व्होल्टेज-विभाजन आठवा. स्पीकरला मिळणारा वाटा = स्पीकरचा इम्पिडन्स भागिले (स्पीकरचा अधिक अँपचा). स्पीकरचा इम्पिडन्स फ्रिक्वेन्सीनुसार बदलतो, म्हणजे वाटाही बदलतो. अँपचा इम्पिडन्स नगण्य असेल तर हा बदल दिसत नाही. नसेल तर स्पीकरच्या इम्पिडन्सचा आकार आवाजात उतरतो.

आता माझी गोष्ट. मी वर्गखोल्यांमधल्या गोंगाटात मराठी व्यंजनं कितपत नीट ऐकू येतात यावर काम करते. प्रयोगात दोन प्रकारच्या स्पीकरवरून 'त' आणि 'ट', 'द' आणि 'ड' असे आवाज ऐकवायचे आणि लोक किती चुकतात ते मोजायचं. लॅबमध्ये एक ट्रान्झिस्टर अँप होता. एका निवृत्त सरांनी विभागाला दिलेला एक व्हॉल्व्ह अँपही होता. दर श्रोत्यामागे वायरी काढा-घाला नको म्हणून मी हॉर्न स्पीकर ट्रान्झिस्टरला जोडले, बुकशेल्फ व्हॉल्व्हला. साउंड लेव्हल मीटर घेऊन १००० हर्ट्झवर दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा केला. वहीत तारीख टाकून लिहून ठेवलं. मला वाटलं, झालं.

एकतीस जण झाले. बुकशेल्फवर 'त' आणि 'ट'मध्ये लोक स्पष्टपणे कमी चुकत होते. फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला. मी एका परिषदेला सारांश पाठवला, तो स्वीकारलाही गेला. घरी फोन करून सांगितलं.

मग गाइड मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "स्पीकरच्या टर्मिनलवर व्होल्टेज किती होतं? हजार हर्ट्झ सोडून इतरत्र?"

मोजलं. बुकशेल्फचा इम्पिडन्स १००० हर्ट्झला ६ ओहम होता. २५०० हर्ट्झच्या आसपास, जिथे क्रॉसओव्हर होता, तिथे २२. व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट इम्पिडन्स ३ ओहम. आता तुम्हीच करा. ६ भागिले ९ म्हणजे उणे ३.५ डेसिबल. २२ भागिले २५ म्हणजे उणे १.१. म्हणजे १००० हर्ट्झवर मी समान केलेला आवाज २५०० ला २.४ डेसिबल वर उचलला जात होता. ट्रान्झिस्टर अँपवर (०.०५ ओहम) हाच फरक ०.०५ डेसिबल आला असता.

आणि 'त' व 'ट' वेगळे ओळखायची एक महत्त्वाची खूण कुठे असते? २००० ते ३००० हर्ट्झच्या पट्ट्यात. मूर्धन्य उच्चारात तिसरा फॉर्मंट खाली येतो, तो साधारण इथेच. म्हणजे मी 'बुकशेल्फ स्पीकर चांगला' असं जे मोजलं होतं, त्यात किती स्पीकरचं आणि किती त्या २.४ डेसिबलचं, हे माझ्या डेटातून वेगळं करताच येणार नव्हतं. याला कन्फाउंडिंग म्हणतात. दोन कारणं एकाच दोरीला बांधली गेली की कोणी ओढलं हे कळत नाही.

खरं सांगते, पहिला विचार आला तो हाच: कोणाला कळणार आहे? सारांशात अँपचं नाव लिहायची कोणी सक्ती केली नव्हती. मॅडम काहीच बोलल्या नाहीत, फक्त "तू ठरव" म्हणाल्या. मी दोन दिवसांनी सारांश मागे घेतला. एकतीस जणांना पुन्हा फोन केले. त्यातले निम्मेही परत येऊ शकले नाहीत. काही आजी-आजोबा होते, लांबून बस बदलून आलेले. नवे श्रोते शोधण्यात पाच महिने गेले. या वेळी दोन्ही स्पीकर एकाच ट्रान्झिस्टर अँपवर. फरक उरला, पण इतका लहान की त्यावर ठाम काही म्हणायची हिंमत मी केली नाही.

हा सगळा खर्च वाचवायला काय लागलं असतं? एक मीटर, आणि दहा मिनिटं.

जाता जाता 'डॅम्पिंग फॅक्टर'बद्दल. ८ ओहम भागिले अँपचा आउटपुट इम्पिडन्स, एवढाच तो आकडा. १०० असेल तर ०.०८ ओहम, १००० असेल तर ०.००८. दहापट चांगला वाटतो ना? पण त्याच वाटेवर स्पीकरच्या गुंडाळीचाच रोध सुमारे ६ ओहम आहे. ६.०८ आणि ६.००८, फरक सव्वा टक्का. शिवाय तुम्ही पाच मीटर अंतरावर ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर नेली, तर जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याचा रोध ०.२३ ओहम होतो आणि तुमचा १००० चा डॅम्पिंग फॅक्टर ३४ वर येतो. तेव्हा या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका. वायर जरा जाड घ्या.

५. मग कोणत्या स्पीकरला कोणता अँप?

*बुकशेल्फ (८४ ते ८८ डेसिबल, ६-८ ओहम):* मध्यम खोलीत प्रत्येकी ४० ते ८० वॅटचा साधा ट्रान्झिस्टर किंवा क्लास-डी अँप पुरतो. काही स्वस्त क्लास-डी अँपमध्ये आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या बाहेर असतो. तिथे वरच्या फ्रिक्वेन्सींना स्पीकरनुसार थोडा बदल होतो, हे लक्षात ठेवा.

*दोन-तीन वूफरचे उंच टॉवर:* सेन्सिटिव्हिटी बरी असते, पण वूफर समांतर असल्याने खालच्या पट्ट्यात इम्पिडन्स ३ ओहमपर्यंत उतरू शकतो. इथे वॅटपेक्षा '४ ओहमला किती' हे बघा.

*हॉर्न:* वॅट जवळजवळ लागतच नाहीत, पण अँपची स्वतःची खरखर लागते. ८८ च्या स्पीकरवर न ऐकू येणारी खरखर १०५ च्या स्पीकरवर १७ डेसिबल मोठी होते. शांत अँप शोधा. छोटे व्हॉल्व्ह अँप इथे शोभतात ते याच हिशोबाने, एक-दोन वॅटवर काम भागतं म्हणून.

*इलेक्ट्रोस्टॅटिक:* विजेच्या भाषेत हा मोठा कपॅसिटर. फ्रिक्वेन्सी वाढली की इम्पिडन्स घसरतो. १९५७ चा क्वाड इएसएल वरच्या टोकाला २ ओहमच्याही खाली जातो. स्थिर अँप हवा, पण नुसता 'मोठा' नको. त्या जुन्या क्वाडसोबत कंपनीचा १५ वॅटचा व्हॉल्व्ह अँप चालायचा, आणि जास्त व्होल्टेजने त्याचे पॅनेल खराब होतात.

*प्लेनर मॅग्नेटिक:* सुमारे ४ ओहम, वक्र जवळजवळ सपाट. अँपला सोपं, पण सेन्सिटिव्हिटी कमी, म्हणून पॉवर भरपूर लागते.

*अॅक्टिव्ह स्पीकर:* अँप आतच असतो. जोडी जमवायचं काम बनवणाऱ्याने केलेलं असतं. लॅबमध्ये लिसनिंग टेस्ट करायची असेल तर माझा सल्ला हाच.

एक अर्धसत्यही इथेच मिटवू: "कमी वॅटचा अँप स्पीकर जाळतो." अँपच्या ताकदीपलीकडे आवाज वाढवला की लहरींची डोकी कापली जातात. पूर्ण चौकोनी झालेल्या लहरीत त्याच उंचीच्या साइन लहरीच्या दुप्पट पॉवर असते. म्हणजे ३० वॅटचा अँप ६० पर्यंत ढकलू शकतो, आणि नाजूक ट्वीटरकडे नेहमीपेक्षा बराच जास्त भाग जातो. जाळते ती जास्तीची पॉवरच, अँपचा लहानपणा नव्हे. आवाज फाटायला लागला की नॉब मागे घ्या, एवढंच.

६. "पण मला फरक ऐकू येतो!"

येत असेलही. प्रश्न असा की कशाचा? अर्ध्या डेसिबलने मोठा आवाज आपल्याला 'मोठा' वाटत नाही, 'जास्त स्वच्छ' वाटतो. म्हणून दोन अँपची तुलना करताना टर्मिनलवरचं व्होल्टेज ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे सुमारे एक टक्क्यात जुळवायचं, आणि कोणता वाजतोय हे ऐकणाऱ्याला सांगायचं नाही. १९८७ च्या जानेवारीत स्टीरिओ रिव्ह्यू मासिकाने स्वस्त रिसीव्हरपासून अत्यंत महाग व्हॉल्व्ह अँपपर्यंत अशी चाचणी घेतली. एकूण उत्तरं अंदाजपंचे उत्तरांपेक्षा वेगळी निघाली नाहीत.

यावरून "सगळे अँप सारखे" असं म्हणायची घाई करू नका. माझे एकतीस श्रोते त्याचं उलट उदाहरण आहेत. नीट वाक्य असं: आपल्या मर्यादेत चालणारे, आउटपुट इम्पिडन्स कमी असलेले आणि आवाज जुळवलेले अँप ओळखणं फार कठीण आहे. यातली एक अट काढली की फरक ऐकू येऊ शकतो. अटी वाक्यात ठेवायच्या, तळटीपेत नाही.

शेवटी, ज्युनियरचं उत्तर

तिला मी आधी मल्टिमीटर घ्यायला लावला. अँपपासून स्पीकर सुटा करून रोध मोजला: ३.४ ओहम. डीसी रोध नाममात्र आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो, म्हणजे स्पीकर खरोखर ४ ओहमचा. सेन्सिटिव्हिटी माहीत नाही, म्हणून ८६ धरली. हॉस्टेलच्या खोलीत दीड मीटरवर ९० डेसिबलचे उसळते आवाज हवेत. हिशोबाने लागतात पावणेपाच व्होल्ट, ४ ओहमला साडेपाच वॅटच्या आसपास, करंट सव्वा अँपिअर. अँपच्या माहितीपत्रकात ४ ओहमची परवानगी आहे, पॉवर मात्र ६० वरच थांबते. तर उत्तर: खोलीत आरामात चालेल. गॅदरिंगला हॉलमध्ये लावून नॉब शेवटपर्यंत फिरवला, तर मित्र बरोबर ठरण्याची शक्यता आहे. दुकानदार आणि मित्र दोघंही आपापल्या अटींत खरे होते, त्यांनी अटी सांगितल्या नाहीत एवढंच.

तुमच्यासाठी गृहपाठ. स्पीकरच्या एका वायरीत १० ओहमचा ५ वॅटचा रोध एकसरीत जोडा. मोबाइलवरच्या टोन जनरेटर अॅपमधून अँपला हळू आवाजात टोन द्या. प्रत्येक फ्रिक्वेन्सीला दोन व्होल्टेज मोजा, स्पीकरवरचं आणि रोधावरचं. पहिलं भागिले दुसरं, गुणिले १०: हा त्या फ्रिक्वेन्सीचा इम्पिडन्स. स्वस्त मल्टिमीटर ५० हर्ट्झपासून फार दूर गेलं की एसी व्होल्टेज चुकीचं दाखवतो. पण एकाच फ्रिक्वेन्सीला दोन्ही मापं त्याच मीटरने घेतली तर भागाकारात ती चूक बरीचशी कटते. का कटते, ते वहीत दोन ओळींत लिहा. वीस-पंचवीस बिंदू घेऊन आलेख काढा, आणि शेजारी मीटर कोणता, रोध किती, तारीख काय, हे सगळं लिहा.

आलेख झाला की स्पीकर उलटा करा आणि मागच्या स्टिकरवरचा आकडा पुन्हा वाचा.